रेषा रेषेला छेदते तिथे उडी कोणत्या रेषेने घ्यावी?

खानापूरचा_ड्राफ्टर

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पॉवर पॅक बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी ड्राफ्टिंगचे काम करतो. सर्किटे साध्या ऑटोकॅडवरच काढावी लागतात, कारण हायड्रॉलिकसाठीचे वेगळे सॉफ्टवेअर आमच्याकडे नाही. दोन किंवा तीन सिलिंडरचे सर्किट असले की प्रेशर (दाबाचे तेल), टँक (टाकीकडे परतणारे तेल), पायलट (व्हॉल्व्ह चालवणारा नियंत्रण दाब) आणि ड्रेन (गळतीचे तेल) अशा चारही प्रकारच्या रेषा एकमेकींना छेदतात. जोड असेल तिथे मी ठिपका देतो आणि जोड नसेल तिथे रेषा तशीच सरळ पुढे जाऊ देतो. एका ग्राहकाने अशा प्रत्येक छेदावर अर्धवर्तुळाची उडी हवी असा शेरा मारून ड्रॉइंग परत पाठवले आहे. दुसऱ्या ग्राहकाकडून मात्र नेमका उलट शेरा आला आहे, की अशी उडी जुनाट असून ती काढून टाकावी.

उडी मुळात द्यावी का, दिली तर ती कोणत्या रेषेने घ्यावी, आणि नंतर सर्किटमध्ये बदल करताना सगळे नव्याने काढावे लागू नये अशा रीतीने ती ऑटोकॅडमध्ये कशी काढावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टी_स्क्वेअर

आपले दोन्ही ग्राहक आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा वाद गेली कित्येक वर्षे मिटलेला नाही. हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक चिन्हांसाठी आपण आयएसओ १२१९ हे आंतरराष्ट्रीय मानक मानतो. त्यानुसार जोड ठिपक्याने दाखवला जातो आणि ठिपका नसलेला छेद म्हणजे जोड नाही. नियमाच्या भाषेत प्रश्न इथेच संपतो आणि उडीची गरज उरत नाही. दुसऱ्या ग्राहकाचा आक्षेप बहुधा याच आधारावर असावा.

तरीही उडी आली कुठून, हे पाहिले पाहिजे. आम्ही ट्रेसिंगवर शाईने काढत असू आणि त्यावरून अमोनिया प्रिंट निघत असे. त्या प्रिंटवर बारीक ठिपका पुसट होऊन नाहीसा होई, तर कधी शाईचा डाग पडून नको तिथे ठिपका उमटे. एवढ्याशा ठिपक्यावर जोड आहे की नाही हे ठरवणे धोक्याचे होते, म्हणून जोड नसलेल्या जागी कमान काढण्याची रीत पडली. आता ट्रेसिंग गेले, अमोनियाचा वासही गेला, असे म्हणून काही जण कमान मोडीत काढतात. मला ते पटत नाही, कारण आज ए-१ आकाराचे ड्रॉइंग ए-३ कागदावर छापले जाते, म्हणजे प्रत्येक लांबी निम्मी होते. त्या ए-३ ची झेरॉक्स निघते आणि त्या झेरॉक्सचा मोबाईलवर काढलेला फोटो फिटरच्या हातात पोहोचतो. इतक्या पायऱ्या उतरल्यावर ठिपक्याचे काय होत असेल ते सांगायला नको.

आपल्या भागापुरते आणखी एक कारण आहे. एकाच कारखान्यात ड्रॉइंग काढणारा मराठी, पाइप जोडणारा कन्नड वाचणारा आणि तपासणारा पुण्याचा किंवा बेंगळुरूचा, असे सर्रास असते. ‘येथे जोड नाही’ अशी टीप लिहायची तर ती कोणत्या लिपीत लिहावी इथून सुरुवात होते. कमान मात्र तिघांनाही सारखीच कळते.

माझे मत स्पष्ट आहे. ड्रॉइंग फक्त संगणकाच्या पडद्यावर पाहिले जाणार असेल तर ठिपका पुरेसा आहे. ते शॉप फ्लोअरवर उतरणार असेल तर उडी द्यावी, आणि उडी दिली म्हणून जोडाचे ठिपके वगळू नयेत. दोन्ही खुणा एकाच वेळी असाव्यात, म्हणजे एक पुसली गेली तरी दुसरी बोलते.

उडी कोणी घ्यावी याच्या दोन पद्धती चालतात. पहिली पद्धत यांत्रिक आहे: सर्व आडव्या रेषा उडी घेतील आणि उभ्या सरळ जातील, किंवा याच्या उलट. दुसरी पद्धत रेषेच्या कामाच्या महत्त्वावर आधारलेली आहे. तिच्यात प्रेशर लाइन दुसऱ्या जातीच्या रेषेपुढे कधीही उडी घेत नाही, टँक लाइन फक्त प्रेशरपुढे घेते, पायलट या दोघींपुढे घेते आणि ड्रेन सर्वांपुढे घेते. एकाच जातीच्या दोन रेषा समोरासमोर आल्या तर आडवीने उडी घ्यावी. हायड्रॉलिक सर्किटसाठी मी दुसरी पद्धत निवडतो, कारण पंपापासून निघालेल्या दाबाच्या वाटेवर बोट ठेवून सिलिंडरपर्यंत जाताना वाचणाऱ्याला मध्ये क्वचितच कमान लागते. पद्धत कोणतीही घ्या, पण एका ड्रॉइंगमध्ये एकच ठेवा. एका छेदावर उडी आणि शेजारच्या छेदावर साधी रेषा असे मिश्रण झाले, तर वाचणारा त्या साध्या छेदाला जोड समजतो. उडीच नसलेल्या ड्रॉइंगपेक्षा हे मिश्रण जास्त घातक आहे.

उदाहरणासाठी दुहेरी पायलट चेक व्हॉल्व्ह घ्या, म्हणजे उलटे जाणारे तेल अडवणारे आणि पायलटच्या दाबाने उघडणारे दोन चेक. ए बाजूचा पायलट बी बाजूच्या चेकला उघडतो आणि बी चा पायलट ए ला उघडतो. म्हणजे दोन तुटक रेषा मध्ये फुलीसारख्या छेदतात आणि हा छेद नेहमीच्या मांडणीत टळत नाही. हे व्हॉल्व्ह लाइनवर सुटे बसवायचे असतील आणि फिटरने ती फुली जोड समजून तिथे फोर-वे क्रॉस लावला, तर ए आणि बी या वाटा पायलटमार्गे एकमेकींना मिळतील. मग दाबाचे तेल परस्पर टाकीची वाट धरेल आणि सिलिंडर जागचा हलणार नाही. बरे, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, सोलेनॉइड सगळे शाबूत असल्यामुळे दोष शोधण्यात दिवस जातो. अशा जागी तरी उडी हवीच हवी.

निपाणी_पॅनेल

टी_स्क्वेअर सरांचे म्हणणे हायड्रॉलिकपुरते मान्य आहे. मी विद्युत पॅनेलची ड्रॉइंगे काढते आणि आमच्याकडे उडीची गरज जवळजवळ नाही, असे माझे ठाम मत आहे.

खरा धोका उडी नसण्यात नसून चौफुलीवर दिलेल्या ठिपक्यात आहे. चार तारा एका बिंदूवर आणून त्यावर ठिपका दिला की जोड आणि छेद यांतला फरक केवळ त्या ठिपक्यावर टांगलेला राहतो. त्याऐवजी एक फांदी थोडी बाजूला सरकवून दोन वेगवेगळे टी-जोड काढावेत. टी आकारात एक रेषा दुसरीपाशी येऊन थांबते, त्यामुळे ठिपका पुसला गेला तरी तो जोडच असतो. आयईसी ६०६१७ या विद्युत चिन्हांच्या मानकात टी-जोड ठिपक्यासह आणि ठिपक्याविना, असा दोन्ही प्रकारे दाखवलेला आहे तो यामुळेच. ‘चौफुलीवर जोड काढायचाच नाही’ हा एक नियम पाळला की चौफुली दिसली म्हणजे जोड नाही, हे आपोआप ठरते.

ज्यांच्याकडे ऑटोकॅड इलेक्ट्रिकल आहे त्यांना हाताने काही करावे लागत नाही. ड्रॉइंग प्रॉपर्टीजमधील स्टाइल्सच्या पानावर वायर क्रॉससाठी गॅप (रेषा तोडणे), लूप (कमान) आणि सॉलिड (सरळ रेषा) असे तीन पर्याय आहेत. तिथे जे निवडाल त्याप्रमाणे पुढची प्रत्येक तार टाकताना छेद आपोआप काढला जातो. उडी चुकीच्या तारेवर पडली तर फ्लिप वायर गॅप या आज्ञेने ती दुसऱ्या तारेवर ढकलता येते. आम्ही सॉलिड ठेवतो.

खानापूरचा_ड्राफ्टर

दोघांचेही आभार. ताई, चौफुलीचा नियम मी आजपासूनच लागू करतो, कारण त्याला कोणत्याच ग्राहकाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आता मुख्य अडचण साध्या ऑटोकॅडची आहे. मी छेदनबिंदूवर वर्तुळ काढून ट्रिम करतो, परंतु नव्या आवृत्तीत ट्रिम विचित्र वागते. अर्धा तुकडा कापला जातो आणि अर्धा तसाच राहतो. शिवाय काही कमानी वर उठतात आणि काही खाली लटकतात, त्याचेही कारण समजत नाही.

लिस्पवाला_टिळकवाडी

ट्रिम विचित्र वागत नाही, तिची मूळ वृत्ती बदलली आहे. ऑटोकॅड २०२१ पासून ट्रिम ही आज्ञा क्विक मोडमध्ये उघडते आणि त्यात पडद्यावरची प्रत्येक वस्तू कापणारी धार मानली जाते. वर्तुळाच्या आतली आडवी रेषा उभ्या रेषेमुळे दोन तुकड्यांत विभागलेली असते, म्हणून एका क्लिकमध्ये फक्त वर्तुळापासून उभ्या रेषेपर्यंतचा तुकडा जातो. वर्तुळाचा खालचा भागही त्याच कारणाने दोन वेळा कापावा लागतो. ट्रिमएक्सटेंडमोड हे चल (ऑटोकॅडची एक सेटिंग) ० केले की जुनी पद्धत परत मिळते. मग धार म्हणून फक्त वर्तुळ आणि आडवी रेषा निवडा, उभी निवडू नका. आधी वर्तुळाची खालची अर्धी बाजू आणि मग आतला आडवा तुकडा कापा, म्हणजे दोन क्लिकमध्ये काम होते.

तरीही ही पद्धत शंभर छेदांच्या सर्किटला मी सुचवणार नाही. प्रत्येक उडीला एका रेषेचे तीन तुकडे होतात, आणि उद्या ती उभी रेषा चार मिलिमीटर उजवीकडे सरकली की कमान जुन्या जागी ओसाड उभी राहते. त्यापेक्षा सर्व रेषा पॉलिलाइनमध्ये (अनेक तुकड्यांची मिळून एकच वस्तू) काढाव्यात आणि उडी त्या पॉलिलाइनचाच भाग असावी. छेदनबिंदूच्या दोन्ही बाजूंना त्रिज्येइतक्या अंतरावर एकेक व्हर्टेक्स (तुकडे जुळतात तो बिंदू) टाकायचा आणि त्या दोहोंमधील तुकड्याला बल्ज द्यायचा. बल्ज म्हणजे कमानीच्या केंद्रकोनाच्या एक चतुर्थांशाचा टॅन्जंट. अर्धवर्तुळाचा कोन १८० अंश, त्याचा चतुर्थांश ४५ अंश, म्हणून बल्ज १ येतो.

खाली लटकणाऱ्या कमानींचे मूळही यातच असावे, विशेषतः आपण एखादे डाउनलोड केलेले लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) वापरत असाल तर. धन बल्ज घड्याळाच्या उलट दिशेने वळतो. पॉलिलाइन डावीकडून उजवीकडे काढली असेल तर धन बल्जची कमान खाली जाते, आणि उजवीकडून डावीकडे काढली असेल तर तीच वर येते. म्हणून लिस्पमध्ये आधी तुकड्याची दिशा तपासावी आणि डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या रेषेला उणे १ द्यावा. छेदनबिंदू शोधण्यासाठी सुट्या रेषांना इंटर्स हे फंक्शन पुरते. पॉलिलाइनसाठी इंटरसेक्टविथ ही मेथड वापरावी लागते.

पायलट आणि ड्रेन या तुटक रेषांबाबत एक बारकावा सांगतो, कारण तो कुठल्याही शिकवणीत येत नाही. पॉलिलाइनवर प्लाइनजेन ही सेटिंग १ असेल तर तुटक रेषेचा नमुना व्हर्टेक्सची पर्वा न करता अखंड पुढे चालतो. मग दोन डॅशांमधली मोकळी जागा नेमकी कमानीच्या माथ्यावर येते आणि उडीऐवजी दोन मिशा दिसतात. प्लाइनजेन ० ठेवल्यास नमुना प्रत्येक व्हर्टेक्सपाशी नव्याने सुरू होतो, आणि तुकडा नमुन्यापेक्षा आखूड असेल तर तो सलग काढला जातो. २ मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीची लांबी सुमारे ६.३ मिलिमीटर असते. लाइनटाइप स्केल त्या हिशोबाने थोडी मोठी ठेवली की तुटक रेषेतली प्रत्येक उडी सलग आणि ठसठशीत उमटते.

याच कारणासाठी तुटक रेषेला गॅप पद्धतीची उडी कधीही देऊ नये. रेषा मुळातच जागोजागी तुटलेली आहे, त्यात आणखी एक तूट वाचणाऱ्याला दिसणार कशी?

काही जण वाइपआउटचा (खालचे झाकणारा कोरा) चौकोन आणि त्यावर कमान असा ब्लॉक करून छेदावर ठेवतात. मूळ रेषा अखंड राहते हा त्याचा मोठा फायदा आहे, आणि ब्लॉक हलवला की उडी हलते. मात्र वाइपआउटच्या खाली उभी रेषाही झाकली जाते, म्हणून ब्लॉकमध्ये तिचाही तुकडा काढावा लागतो किंवा ड्रॉ ऑर्डरने ती वर आणावी लागते. वाइपआउटफ्रेम ० ठेवा, ती १ असेल तर छापताना प्रत्येक कमानीभोवती चौकट येईल. फाइल ज्याच्याकडे जाणार आहे तो दुसरे कॅड वापरत असेल तर हा मार्ग टाळलेला बरा.

शहापूर_प्लंबिंग

वरील चर्चा सर्किटपुरती ठीक आहे, परंतु इथे येणारे सगळेच सर्किट काढत नाहीत, म्हणून लेआउटबद्दल लिहितो. सर्किटमध्ये रेषा कोणावरून उडी घेते हा केवळ संकेत असतो. नळजोडणीच्या प्लॅनमध्ये मात्र एक पाइप खरोखर वरून आणि दुसरा खालून जातो. तिथे महत्त्वाची लाइन, आडवी लाइन असले नियम चालत नाहीत. लेव्हल पाहून जो पाइप खाली आहे त्याची रेषा तोडायची आणि वरचा सलग ठेवायचा, एवढेच.

अर्धवर्तुळ तर तिथे मुळीच काढू नये. सीपीव्हीसी या प्लास्टिक पाइपमध्ये स्टेपओव्हर बेंड नावाचा कमानीच्या आकाराचा तयार फिटिंग मिळतो आणि एका पाइपवरून दुसरा नेताना प्लंबर तोच लावतो. प्लॅनमध्ये कमान दिसली की तो ‘येथे बेंड आहे’ असे वाचतो, कमानी मोजतो आणि तेवढे बेंड दुकानातून आणतो. त्यात त्याचा काहीही दोष नाही.

दुसरे म्हणजे लांबी. पॉलिलाइनची लांबी लिस्ट आज्ञेने काढून त्यावरून पाइपचे एस्टिमेट करणारे अनेक आहेत. अर्धवर्तुळाच्या उडीत व्यासाऐवजी अर्धा परीघ मोजला जातो, म्हणजे प्रत्येक उडीला त्रिज्येच्या १.१४ पट लांबी वाढते. कागदावर २ मिलिमीटर त्रिज्या दिसावी म्हणून १:५० च्या प्लॅनमध्ये आपण ती १०० मिलिमीटर घेतो. दहा उड्यांत १.१४ मीटर पाइप विनाकारण चढतो. गॅप दिला तर उलट प्रत्येक ठिकाणी २०० मिलिमीटर कमी भरतो. एस्टिमेट रेषेवरूनच काढायचे असेल तर लिस्पवाल्यांनी सांगितलेला वाइपआउट हा एकच मार्ग लांबीला धक्का लावत नाही.

चिकोडी_मेंटेनन्स

मी साखर कारखान्यात देखभाल विभागात आहे. आमची फ्लो शीट व्हिजिओमध्ये आहे, म्हणून त्याबद्दल थोडेसे. पेज सेटअपमध्ये लेआउट अँड राउटिंगच्या पानावर उडी आडव्या रेषांना द्यायची, उभ्यांना द्यायची, शेवटी राउट झालेल्या रेषेला द्यायची की कोणालाच द्यायची नाही, हे ठरवता येते. आकारही कमान, गॅप, चौकोन यांतून निवडता येतो. हे फक्त कनेक्टरवर चालते, साध्या लाइन टूलने काढलेल्या रेषेवर नाही. उडी येतच नाही अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासावे. संपूर्ण पानासाठी आडव्यांचा नियम ठेवून एखाद्या कनेक्टरच्या बिहेवियरमध्ये ‘नेव्हर’ निवडले की तेवढी एक रेषा सरळ राहते.

आम्ही बाष्पीभवन विभागाच्या शीटमध्ये तेच केले आहे. पहिल्या बॉडीची वाफ दुसरीला, दुसरीची तिसरीला अशी व्हेपर लाइन जाते आणि प्रत्येक बॉडीतून कंडेन्सेट बाहेर पडते, त्यामुळे छेद भरपूर होतात. व्हेपर आणि रस यांच्या रेषांना ‘नेव्हर’ दिले आहे, म्हणजे कंडेन्सेटच्या आडव्या रेषाच उडी घेतात. टी_स्क्वेअर सरांची महत्त्वाच्या क्रमाची पद्धत आणि ही जवळपास एकच.

खानापूरचा_ड्राफ्टर

सर्वांचे मनापासून आभार. मी असे ठरवतो आहे: मूळ फाइलमध्ये सर्व रेषा पॉलिलाइन, चौफुलीवर जोड कुठेही नाही, आणि उड्या महत्त्वाच्या क्रमाने लिस्पने टाकायच्या. उडी नको असणाऱ्या ग्राहकासाठी लिस्प चालवण्याआधीची प्रत वेगळी ठेवायची. फक्त दोन शंका उरल्या आहेत. मॅनिफोल्डची (अनेक व्हॉल्व्ह एकत्र बसवलेल्या ठोकळ्याची) सीमा दाखवणारी साखळी रेषा पाइपच्या रेषांना छेदते, तिथे काय करावे? आणि तीन रेषा जवळजवळ असून चौथीला त्या ओलांडायच्या असतील तर तीन लागोपाठ कमानी वाईट दिसतात, त्याला उपाय काय?

टी_स्क्वेअर

मॅनिफोल्डची सीमा ही तेल वाहणारी वाट नाही, ती फक्त कुंपण आहे. तिच्यावरून कोणीही उडी घेऊ नये आणि तिनेही घेऊ नये. पाइपची रेषा ती सरळ छेदून जाते आणि त्या जागी पोर्टचे नाव लिहिले जाते. लिस्पमध्ये सीमेचा लेयर वगळायला सांगा, नाहीतर प्रत्येक पोर्टवर कमान उगवेल.

शेजारशेजारच्या रेषांबाबत आधी अंतर पाहा. २ मिलिमीटर त्रिज्येची कमान ४ मिलिमीटर जागा घेते, म्हणून समांतर रेषा किमान ५ मिलिमीटर अंतरावर असाव्यात. १२१९ चे मॉड्यूल (चिन्हांचे मूळ माप) २.५ मिलिमीटर घेऊन ग्रिडवर काम केले तर दोन घरे सोडली की ते अंतर आपोआप मिळते. तेवढी जागा नसेल तर तीन कमानींऐवजी एकच लांब उडी घ्यावी: पहिल्या रेषेआधी पाव वर्तुळाने वर चढायचे, तिन्ही रेषांवरून सपाट जायचे आणि शेवटच्या रेषेनंतर पाव वर्तुळाने खाली उतरायचे. पाव वर्तुळाला बल्ज ०.४१४ येतो आणि दिशेचे चिन्ह लिस्पवाल्यांनी सांगितले तसेच ठेवायचे. फक्त त्या सपाट भागाखाली एखादा टी-जोड लपत नाही ना, हे छापण्यापूर्वी झूम करून पाहावे.

लिस्पवाला_टिळकवाडी

लांब उडीसाठी लिस्पमध्ये छेदनबिंदू रेषेच्या सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार आधी क्रमाने लावावे लागतील, आणि लगतच्या दोन बिंदूंमधील अंतर त्रिज्येच्या अडीच पटीहून कमी असेल तर ते एका गटात घालावे लागतील. सीमेचा लेयर वगळण्याची सोयही त्यातच करतो. रविवारपर्यंत लिहून याच धाग्यावर टाकतो. खानापूरकर, आपली ऑटोकॅडची आवृत्ती आणि लेयरची नावे तेवढी कळवा.

खानापूरचा_ड्राफ्टर

आवृत्ती २०२२ आहे. लेयर पी, टी, पायलट, ड्रेन आणि सीमा या पाच नावांचे आहेत. चिन्हांसाठी सहावा लेयर आहे, त्यातील रेषांनाही उडी नको आहे.